नळीसकट

मेहुणा : दाजी, ही तर आपलीच ड्रायव्हिंगची शाळा. आत्ताच निघालो ना आपण इथून?

मास्तर : वाटेत आली.

मेहुणा : चारदा डावीकडे वळल्यावर येणारच की वाटेत.

मास्तर : तिसऱ्या वळणावर खोदकाम निघालं, म्हणून चौथं घ्यावं लागलं. तू पट्टा लाव आणि त्या दुसऱ्या ब्रेकवरचा पाय काढ. तो शिकवणाऱ्याचा ब्रेक आहे, पाहुण्यांचा नाही.

मेहुणा : मग सरळ चौकातून उजवीकडे घ्या ना. प्लॉट तिकडेच आहे. हो ना गं ताई?

मास्तरीण : मला मागच्या सीटवर बसवलंय. म्हणजे मी शिकाऊ. मला काही विचारू नकोस. पण भाऊ म्हणून एवढं सांगते, गेले आठ महिने या गाडीला उजवी बाजू नाही.

मेहुणा : स्टिअरिंग बिघडलंय?

मास्तरीण : स्टिअरिंग ठणठणीत आहे.

मास्तर : पोरांचं आधी डावं वळण पक्कं करून घ्यायचं, अशी माझी पद्धत आहे.

मास्तरीण : पक्कं म्हणजे किती पक्कं? तुमची ती शिंपीण परीक्षेला गेली. इन्स्पेक्टर म्हणाला, उजवीकडे घ्या. तर तीनदा डावीकडे वळून उजवीकडे आली.

मेहुणा : नापास?

मास्तरीण : पास. इन्स्पेक्टरला गरगरायला लागलं, त्याने सही करून टाकली.

मेहुणा : ताई, फोनवर तू एवढंच म्हणालीस, यांना पेट्रोल पंप काढायचाय, तू पंपांच्या टाक्या पुरणारा माणूस, येऊन खर्च सांग. उजवीकडचं काही बोलली नाहीस.

मास्तरीण : फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. उजवीकडे पंप आहे.

मेहुणा : कसला?

मास्तरीण : पेट्रोलचा.

मेहुणा : म्हणजे पंप आहे इथे?

मास्तरीण : शाळेतून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर.

मेहुणा : मग आपण दुसरा कशाला काढतोय?

मास्तरीण : हे तुझ्या दाजींना विचार. मी विचारून दमले.

मास्तर : गाड्या वाढल्यात. एकाच माणसाच्या हातात सगळा धंदा बरा नव्हे. लोकांना निवड हवी.

मास्तरीण : लोकांना नाही. यांना.

मेहुणा : दाजी, काटा लाल रेषेच्या खाली गेलाय.

मास्तर : तो जरा खालीच असतो. त्याला सवय आहे.

मास्तरीण : परवाच तर भरून आणलं. नदीपलीकडच्या पंपावरून. अर्धा दिवस शाळा बंद. मला एक सांग, पेट्रोल आणायला जाताना जे पेट्रोल जळतं, ते कशासाठी जळतं? तर पेट्रोल आणायला.

मेहुणा : परवा भरलं आणि आज लाल?

मास्तर : ऊन आहे. थोडं उडतं.

मेहुणा : बंद टाकीतलं एवढं उडत नाही, दाजी. माझं पोट त्याच्यावर आहे. बरं, उजवीकडचं काय ते सांगा एकदाचं. नाहीतर मी हा ब्रेक दाबून धरतो.

मास्तर : एक तांत्रिक प्रसंग घडला होता. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

मास्तरीण : मी सांगते. त्या पंपावर यांनी गाडी लावली. मागे तीन शिकाऊ.

मास्तर : चार.

मास्तरीण : चार. पंपावरच्या बाईने टाकीत नळी घातली. नळी आपलं काम करतेय, तोवर रिकामं कशाला बसायचं, म्हणून यांनी मागे तोंड करून धडा सुरू केला. निघण्याआधी काय बघायचं? डावा आरसा, उजवा आरसा, मधला आरसा. गाडीला काही लोंबत नाही ना, काही अडकलं नाही ना.

मेहुणा : बरोबर आहे.

मास्तरीण : बरोबरच आहे. आणि हे बोलता बोलता निघाले. नळीसकट.

मेहुणा : नळीसकट.

मास्तरीण : डोक्यावर 'सुरक्षित ड्रायव्हिंग शिका' हा बोर्ड आणि कमरेला काळी शेपटी. बाजारातून गेले. न्हाव्याच्या दुकानापुढून गेले, तो गिऱ्हाईक तसंच साबण लावलेलं सोडून बाहेर आला. तुझ्या भाचीच्या शाळेपुढून गेले, तेव्हा मधली सुट्टी होती.

मास्तर : मधली सुट्टी संपत आली होती.

मेहुणा : आणि ते चार शिकाऊ? त्यांनी काही म्हटलं नाही?

मास्तर : एकाने विचारलं, सर, हे परीक्षेत येतं का?

मेहुणा : मग?

मास्तर : म्हटलं, ऐच्छिक आहे.

मेहुणा : दाजी, मी हसत नाहीये. मला खोकला झालाय.

मास्तर : हस. सगळे हसून झालेत, तूच राहिला होतास.

मेहुणा : म्हणजे मी नीट समजून घेतो हं. त्या पंपावर पुन्हा जायला लाज वाटते, म्हणून आपण स्वतःचा पंप काढतोय.

मास्तर : असं थेट म्हटलं की काहीही वेडेपणा वाटतो.

मेहुणा : वाकडं करून म्हणा. तीन डावी वळणं घेऊन म्हणा. कुठूनही गेलं तरी तिथेच येतंय.

मास्तरीण : आणि कशावर काढतायत ते पण सांगा त्याला. आपल्या अण्णांनी मला दिलेल्या प्लॉटवर. मी तिथे दोन खोल्या बांधणार होते. लग्न झाल्यापासून भाड्याच्या घरात खिडकी उघडली की समोर भिंत. त्या भिंतीची एकूण एक भेग मला तोंडपाठ आहे. एखादी नवीन पडली की जरा बरं वाटतं, तेवढाच बदल. मला रस्त्याकडे खिडकी हवी होती. बस, एवढंच हवं होतं. आता म्हणे तिथे डिझेल मिळणार.

मास्तर : तुझीच खिडकी ठेवू ना. पैसे घ्यायच्या केबिनला.

मास्तरीण : ऐकलंस? खिडकी मिळेल, पण आतून हात बाहेर काढायला.

मेहुणा : मोजणीदार आलाय का प्लॉटवर?

मास्तरीण : सकाळपासून बसलाय. यांनीच बोलावलाय, टाक्यांच्या खड्ड्याची खूण करायला. आज खूण झाली की गेला प्लॉट.

मेहुणा : दाजी, मग खर्च ऐका. ऐकाल ना? मी भावनेच्या भरात सांगत नाही, धंदा म्हणून सांगतो.

मास्तर : सांग. म्हणूनच बोलावलंय तुला.

मेहुणा : पहिली, जमीन. ती ताईची आहे, म्हणजे फुकट. म्हणजे सगळ्यात महाग. मग मातीची तपासणी. जमिनीतलं पाणी वर आलेलं असेल आणि टाकी रिकामी असेल, तर पुरलेली टाकी जमिनीतून वर येते. बेडकासारखी. मी पाहिलंय. मालक सकाळी येऊन बघतो, तर अंगणात टाकी. त्याला वाटलं, कोणीतरी आणून ठेवली.

मास्तर : आपल्याकडे माती चांगली आहे.

मेहुणा : चांगली माती शेताला वेगळी, टाकीला वेगळी. मग खड्डा. त्यात तुमची शाळा बोर्डासकट मावेल एवढा. प्लॉटवरून विजेची तार जाते का?

मास्तरीण : जाते. आडवी.

मेहुणा : ती हलवायची. आपल्या खर्चाने. समोर काय आहे?

मास्तरीण : बाळंतिणींचा दवाखाना.

मेहुणा : मग परवान्याच्या वेळी तोही बोलणार. परवाने किती ते मोजतच नाही. आगवाले, मापवाले, रस्तेवाले, धूरवाले. यातल्या प्रत्येकाला वाटतं, आधी दुसऱ्याने सही करावी. मी एक मालक पाहिला, त्याने पंपाचं स्वप्न बघितलं तेव्हा त्याला केस होते.

मास्तर : तू मुद्दाम घाबरवतोयस.

मेहुणा : अजून जमिनीवर आलोच नाही, आपण खालीच आहोत. आता वर. छत, मशीन, दिवे, हवा भरायचं यंत्र, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह. हे शेवटचं मोठं बांधा. लोक पेट्रोल थोडं घेतात, तिकडे मात्र सहकुटुंब जातात. माणसं लागतील, दोन पाळ्यांची. विमा लागेल. आणि पहिला टँकर रोखीने.

मास्तर : आणि हातात काय येतं?

मेहुणा : भरून झाल्यावर नोझलच्या टोकाला एक थेंब लटकत राहतो, बघितलात? तो आपला. बाकी सगळं पेट्रोल दुसऱ्यांचं.

मास्तर : एक थेंब?

मेहुणा : तोही गिऱ्हाईक झटकून घेतं. थोडक्यात, प्लॉट जाईल, ही गाडी जाईल, शाळा जाईल. तरी अर्धं कमीच पडेल.

मास्तरीण : आणि त्या पंपावर जाऊन 'चुकलं हो माझं' म्हणायला किती खर्च येतो?

मेहुणा : तो माझ्या हिशेबात धरलेला नाही, ताई. त्याला परवानासुद्धा लागत नाही.

मास्तर : तुम्हा दोघांना काय जातं बोलायला. शेपटी मला होती.

मेहुणा : अरे हो, एक राहिलंच. प्रत्येक नळीला एक सुटणारा जोड लागतो. स्वस्तातला घेऊ नका.

मास्तर : सुटणारा कशाला? घट्ट हवा ना?

मेहुणा : घट्ट असतो, पण ओढ बसली की सुटतो. कोणी नळीसकट निघालं, तर नळी फाटायला नको, मशीन आडवं व्हायला नको. जोड तिथल्या तिथे सुटतो, दोन्ही तोंडं आपोआप मिटतात. वाटीभर सांडतं फार तर. मग दुसरी नळी लावली की पंप चालू.

मास्तर : हे… हे कोणासाठी करतात?

मेहुणा : तुमच्यासाठी.

मास्तर : थट्टा नको.

मेहुणा : थट्टा नाही, दाजी. पंप काढणारा माणूस पहिल्याच दिवशी तुमचा खर्च धरून ठेवतो. त्याला तुमचं नाव माहीत नसतं. पण तुम्ही येणार हे माहीत असतं.

मास्तर : म्हणजे अजून कोणी…

मेहुणा : कुठलाही पंप घ्या. वर्षाला दोन-चार जण नेतातच. एकाने तर वरात चालली होती तेव्हा नेली. नवरा आत.

मास्तर : हे मला कोणी सांगितलं नाही.

मास्तरीण : तुम्ही कोणाला विचारलंत? तुम्ही डावीकडे वळत होतात.

मेहुणा : दाजी, समोर पाटी बघा. हाही रस्ता बंद.

मास्तर : दिसतंय.

मेहुणा : आता फक्त उजवं उरलं.

मास्तर : काचा वर करा. दोघं. मी जोरात नेतो. तुम्ही तिकडे बघू नका, म्हणजे ते इकडे बघणार नाहीत.

मास्तरीण : एवढा मोठा बोर्ड आहे डोक्यावर!

मास्तर : म्हणून तर जोरात नेतो.

मेहुणा : जोरात न्यायला आत काहीतरी लागतं. काटा बघा, तो झोपलाय.

(गाडी दोन आचके देते आणि तिसऱ्याला दमून उभी राहते, नेमकी चौकापलीकडच्या उताराच्या तोंडाशी. खाली पंप दिसतोय, त्याचं छत, त्याखाली उभी एक बाई. तिघंही उतरतात. मास्तर मात्र पंपाकडे पाठ करून उतरतात, जणू त्यांना अचानक मागच्या रस्त्यात फार रस वाटू लागलाय.)

मेहुणा : काही बिघडलं नाही. मी चालत जाऊन डबाभर आणतो. डबा असेल ना डिकीत?

मास्तर : नाही. डबा नाही. डिकी उघडत नाही.

मेहुणा : उघडली की.

मास्तर : बंद कर. कुलूप खराब आहे, मग लागत नाही.

मेहुणा : दाजी, स्टेपनीच्या खाली हे काय आहे? टॉवेलात गुंडाळलंय. बाळासारखं.

मास्तर : हात लावू नकोस.

मास्तरीण : थांब, थांब. टॉवेल बघू. हा निळा! हा माझा निळा टॉवेल!

मेहुणा : ताई, टॉवेल राहू दे. आत नोझल आहे. आणि दीड हात नळी.

मास्तरीण : अहो, तुम्ही तर म्हणाला होतात, माणसाकरवी परत पाठवलं.

मास्तर : पाठवणार होतो. माणूस मिळाला नाही.

मेहुणा : एक मिनिट. म्हणजे पंप उघडायची तयारी झालेलीच आहे. एक नोझल घेऊन ठेवलंय. आता फक्त खाली पंप बसवायचा.

मास्तरीण : गप रे! तुला कळतंय का? मी या टॉवेलापायी वरच्या मजल्यावरचीशी बोलत नाही. मी तिला तोंडावर म्हटलं, दोरीवरचे कपडे चालत जात नाहीत. ती परवा जिन्यात माझ्याकडे बघून हसली. आपणहून हसली, आणि मी तोंड फिरवलं.

मास्तर : मला वाटलं, तुमचं पाण्यावरून बिनसलंय.

मास्तरीण : टॉवेलावरून! आणि टॉवेल तुमच्या डिकीत! आता मी कुठल्या जिन्याने चढू?

मेहुणा : एक काम कर, तूही वेगळा जिना बांध. दाजी पंप काढतायत, तू जिना काढ. खर्च मी सांगतो.

मास्तरीण : एक देईन हं. एवढा घोडा झालास तरी देईन.

मेहुणा : दाजी, तुमच्या टाकीला झाकण नाही. नुसता कापडाचा बोळा कोंबलाय. तरीच! तुम्ही भरताय आणि वारा पितोय.

मास्तर : झाकण त्या दिवशी तिथेच राहिलं.

मेहुणा : मग नवीन घ्यायचं. केवढ्याला येतं ते?

मास्तर : दुकानदार विचारेल ना, जुनं कुठे गेलं.

मेहुणा : मग झाकणाचं दुकानही आपणच काढू.

 

 

मास्तरीण : अहो, इकडे बघा. नळी सुटली, समजू शकते. माणूस विसरतो. पण हे डिकीत घालून आठ महिने फिरलात? त्याच दिवशी मागे फिरून देता आली असती.

मास्तर : त्याच दिवशी नाही. त्याच क्षणी देता आली असती.

मास्तरीण : म्हणजे?

मास्तर : मी पंपाच्या बाहेर पडलो आणि मधला आरसा पाहिला. उशिरा, पण पाहिला. ती बाई मागून धावत येत होती. हात वर करून. ओरडत होती.

मेहुणा : मग?

मास्तर : मी तिसरा टाकला.

मास्तरीण : काय टाकला?

मास्तर : गिअर. पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, काही झालं तर आधी गाडी थांबवायची, मग घाबरायचं. मी आधी घाबरलो आणि मग थांबलोच नाही. मागे चार पोरं बघत होती गं. नळी राहिली याची नाही मला एवढी लाज. ती कोणाचीही राहते, हा म्हणतोय ना, आधीच धरलेली असते. पण माणूस धावत येतंय हे आरशात बघून मी पळालो. त्याला कुठला जोड बसवतात?

मेहुणा : तो अजून निघाला नाही, दाजी.

मास्तर : म्हणून म्हटलं स्वतःचा पंप. तिथे धावत येणारं कोणी नसतं. असलं तरी पगार आपणच देतो.

मास्तरीण : डबा नाही ना आपल्याकडे?

मास्तर : नाही.

मास्तरीण : मग गाडीच न्यावी लागेल. उतार आहे. तुम्ही स्टिअरिंगला बसा, आम्ही ढकलतो.

मास्तर : मी ढकलतो, तू बस.

मास्तरीण : मला येत नाही. सगळ्यांना शिकवलंत, मला नाही शिकवलंत. बसा.

मेहुणा : आणि हे बाळ पुढच्या सीटवर घ्या. पट्टा लावून.

पंपवाली : हळू, हळू! आता ढकलू नका, आपोआप येतेय. ब्रेक! हां. अगंबाई, मास्तर?

मास्तर : हो. मी… नमस्कार. हे तुमचं.

पंपवाली : टॉवेल?

मास्तर : टॉवेल आमचा. आतलं तुमचं.

पंपवाली : अय्या, आहे का अजून! आणि किती लख्ख ठेवलंय. आमच्या मशीनवरची नोझलं पण एवढी चकचकीत नाहीत.

मास्तर : दर रविवारी पुसत होतो.

मास्तरीण : दर रविवारी गाडी धुतो म्हणून खाली जात होतात, ते हे?

मास्तर : गाडीपण धुवायचो.

पंपवाली : ठेवा तिथे बाकावर. थांबा हं, जाऊ नका. माझ्याकडेही तुमचं काहीतरी आहे. केबिनच्या खणात आहे, आणते.

मेहुणा : दाजी, ती आत गेलीय. काटा लाल आहे, पळता येणार नाही.

मास्तर : पळत नाहीये.

मेहुणा : माहीत आहे. सवयीने म्हटलं.

पंपवाली : हे घ्या. तुमचंच ना?

मास्तर : झाकण.

पंपवाली : तुम्ही निघालात आणि हे माझ्या हातातच राहिलं. म्हणून तर धावले मागे. चप्पल तुटली माझी. किती ओरडले, झाकण घ्या, झाकण घ्या. तुम्ही आरशात बघितलंत असं वाटलं मला.

मास्तर : बघितलं.

पंपवाली : मग?

मास्तर : काचा वर होत्या. ऐकू आलं नाही. मला वाटलं, तुम्ही शिव्या देताय.

पंपवाली : शिव्या मालकांनी दिल्या, नंतर. त्याही चहा येईपर्यंतच. संध्याकाळी दुसरी नळी लावली, झालं. पण झाकणाचा घोर मला. गाडी अशी उघडी फिरतेय, त्यात पोरं बसतात, कोणी जवळ काडी ओढली म्हणजे?

मास्तरीण : मग शाळेत आणून द्यायचं होतं हो. हाकेवर तर आहे.

पंपवाली : आले होते. दोनदा आले. दारातून पाहिलं, तर मास्तर फळ्यापाशी उभे. आरसे शिकवत होते. समोर एवढी पोरं. म्हटलं, सगळ्यांपुढे हातात झाकण कसं ठेवायचं? माणसाला कसंतरीच होतं. तशीच परतले. म्हटलं, गाडी आहे, येतील कधीतरी. पेट्रोल तर लागतंच.

मास्तर : तुम्ही दारात आला होतात.

पंपवाली : मग काय. किती भरू?

मास्तर : फुल. फुल करा.

मेहुणा : दाजी, उतरून उभे राहा. इथे धडा घेऊ नका.

मास्तर : उतरलोच आहे.

मास्तरीण : मोजणीदाराचा फोन आहे. उन्हात उभा आहे म्हणतो बिचारा. विचारतोय, टाकीच्या खड्ड्याची खूण कुठे करू? काय सांगू त्याला?

मास्तर : सांग, दोन खोल्यांचं माप घे. खिडकी कुठे ते प्लॉटच्या मालकीणबाई येऊन दाखवतील.

मास्तरीण : नक्की?

मास्तर : रस्त्याकडे म्हणालीस ना?

मेहुणा : आणि टाकी?

मास्तर : एक. पाण्याची. छतावर.

मेहुणा : ती मी पुरत नाही. म्हणजे माझा धंदा बुडाला. पण जेवून जाईन.

मास्तरीण : तो टॉवेल द्या इकडे. घरी गेल्यावर आधी वर जाते.

मास्तर : धुऊन तरी ने.

मास्तरीण : नको. वास येतोय तोच बरा. धुतला तर तिला वाटेल, नवीन आणला.

मेहुणा : मी येऊ का बरोबर?

मास्तरीण : नको. तिथे मला एकटीलाच उभं राहायचंय.

पंपवाली : झालं, मास्तर. झाकण घट्ट लावलंय. बसा.

मेहुणा : चला दाजी. आता उजवीकडेच, सरळ प्लॉटवर. दाजी? निघायचं ना? मागे गाडी येऊन थांबलीय.

मास्तर : आरसे बघतोय.

मेहुणा : तिन्ही बघून झाले तुमचे. मी मोजले.

मास्तर : नळी दिसत नाहीये.

मेहुणा : जागेवर असेल.

मास्तर : असेल नको. मला दिसत नाहीये.

पंपवाली : ही बघा, मास्तर. माझ्या हातात आहे. या आता.